आईनं दाखवल्याशिवाय

३ फेब्रुवारी

ताई,

तीर्थरूप वगैरे कसं लिहायचं ते तू शिकवलं होतंस, पण शाळेसारखंच तेही मी अर्ध्यात सोडलं. तेव्हा नुसतं ताई. पाया पडलो असं समज.

जिवंत आहे. नोकरीवर आहे. हे दुसरं वाक्य तू दोनदा वाचणार, मला माहीत आहे. गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, बोटीवरचं काम तर बोट धक्क्यावरून हलायच्या आत सोडलं. तू म्हणायचीस, भिंगरी, तुझ्या पायाला चाक आहे. इथं त्यांनी एकदम चार चाकं दिली, तेव्हा कुठं पाय जाग्यावर बसला. मोबाईलला रेंज नाही, म्हणून पत्र. दुधाची गाडी येते ती घेऊन जाते.

काम सांगतो. सफारीच्या उघड्या जीप. एक सकाळची फेरी, एक दुपारची. पाहुणे मागं बसतात, टोप्या घालतात, आणि वाघ दिसला नाही की माझ्याकडे असं बघतात जशी मीच त्याला सुट्टी दिली. फेरी झाली की गाडी धुवायची, सीटखालचा बिस्किटांचा चुरा काढायचा, नाहीतर माकडं सीट फाडतात.

सगळ्यात पुढं असते ती पहिली गाडी. फाटक उघडलं की मातीवरचे ताजे ठसे तिलाच मिळतात, मागच्यांना फक्त धूळ. ती उस्ताद चालवतात. उस्ताद म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. बोलतात कमी, आणि बोलले तर निम्मं गाडीशी बोलतात. हंगाम संपला की ते घरी बसणार, आणि पहिली गाडी कुणाला द्यायची ते मॅनेजर त्यांनाच विचारणार. म्हणून हल्ली मला शेजारी बसवतात. ताई, कुणीतरी मला काहीतरी द्यायचं ठरवलंय, हे आयुष्यात पहिल्यांदा होतंय.

माझ्या खोलीत दुसरा ड्रायव्हर आहे, त्याला सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी डोळा उघडायच्या आत तोंड उघडतं. झोपेतही बातम्या देतो. पण माणूस दिलदार. थंडीत स्वतःचं ब्लँकेट मला दिलं आणि वर म्हणाला, मला बोलून बोलून ऊब येते.

आता तोंडाला कुलूप लाव आणि ऐक. इथं ड्रायव्हरांचा एक नेम आहे. वाघीण व्याली तर कुणी ब्र काढायचा नाही. पिल्लं किती, कुठं, काही नाही. नावही ठेवायचं नाही. ती स्वतः त्यांना घेऊन रस्त्यावर येईल त्या दिवशी पिल्लं झाली असं धरायचं. ‘आईनं दाखवल्याशिवाय पिल्लं नाहीतच,’ उस्ताद म्हणतात. कारण गर्दी झाली की ती जागा बदलते. एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, तोवर बाकीची उघड्यावर. तेवढ्यात तरस येतो आणि खेळ खलास.

तर मालकीणबाई व्याली. मालकीणबाई म्हणजे इथली मोठी वाघीण. रस्त्यानं अशी चालते जसं आम्ही सगळे तिचे भाडेकरू आणि भाडं थकलेलं. परवा रस्त्यात झाड पडलं होतं, ते काढायला उस्ताद, रेडिओ आणि मी तिघंच गेलो होतो, पाहुणे नव्हते. तुटक्या मचाणामागं ओढा वळतो, तिथं एक मोठं झाड मुळासकट उपटून आडवं पडलंय. त्या मुळांखाली ती निजली होती. अंगावर तीन पिल्लं! एकाला तिच्या पाठीवर चढायचं होतं. चढायचं, घसरायचं, परत चढायचं, अगदी माझ्या नोकऱ्यांसारखं. दुसरं तिच्या शेपटीशी भांडत होतं. आणि तिसरी ती जाडी! दूध पिऊन पोट मातीला टेकलेलं, बसल्या बसल्या कलंडली आणि तशीच झोपली. आई तुला लहानपणी भोपळी म्हणायची ना, हुबेहूब. मी तिचं नाव भोपळीच ठेवलं, पण मनात.

उस्तादांनी ओठावर बोट ठेवलं. रेडिओसुद्धा गप्प बसला, हा वाघापेक्षा मोठा चमत्कार.

मी कुणाशी बोललो नाही. हे बोलणं नाही, लिहिणं आहे. आणि तुला सांगितलं म्हणजे मी मलाच सांगितलं.

छोटीचा गालगुच्चा घे. भाऊजींना नमस्कार.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

लाडक्या भिंगरी,

अक्षर अजून कोंबडीनं माती उकरल्यासारखंच आहे, पण पत्र चारदा वाचलं. एकदा मोठ्यानं. छोटी म्हणाली, मामा वाघ पाळतो का? मी म्हटलं, मामा स्वतःच अजून पाळीव झाला नाही.

मेल्या, वाघाच्या पिल्लाला माझं नाव! भरलेलं पोट मातीला टेकलेलं म्हणे. आई असती तर हसून हसून तिला ठसका लागला असता.

खरं सांगते, ऊर भरून आला. आजवर तुझं नाव निघालं की लोक विचारायचे, हल्ली काय सोडलं? आता मी मान वर करून सांगते, माझा भाऊ वाघांमध्ये असतो.

इकडे सगळं जिथल्या तिथं. मशीनवर बसून कंबर मोडली. भाऊजी अजून दुकानात हंगामीच. नवीन आलेली पोरं कायम झाली आणि हे शिडीवर चढून लोकांच्या घरी पडद्यांचे दांडे बसवतायत. साहेब दर वर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. परवा मी शिवलेले पडदे द्यायला गेले होते. साहेबांना फोटोंचा भारी नाद. केबिनच्या भिंतीवर हरणं, गरुड, हत्ती, सगळं आहे. वाघ मात्र नाही.

छोटी फार विचारत असते. ते मचाण कोणत्या रस्त्यावर? ओढ्यापर्यंत गाडी जाते का? पिल्लं बाहेर कधी येतात, सकाळी की दुपारी? आणि तेव्हा त्यांच्यावर उजेड कुठल्या बाजूनं असतो? सगळं नीट लिही. पोर झोपताना तेच ऐकते.

अंगाला जप. तीळभरही घाई करू नकोस, ही नोकरी टिकव.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

छोटीला उजेडाची काळजी कशाला? मोठेपणी फोटोवाली होणार बहुतेक.

सांग तिला. फाटकातून आत आलं की डावीकडचा रस्ता. खडकाळ चढ लागतो, तो संपला की उजवीकडं तुटकं मचाण. तिथं रस्ता संपत नाही, पण गाडीनं तिथंच थांबायचं असतं. पुढं ओढ्यापर्यंत जुनी चाकोरी आहे, गवत वाढलंय. गाडी जाईल, पण कुणी नेत नाही. ऊन चढलं की मालकीणबाई पाण्याला जाते. तेव्हा ही तिघं मुळांच्या तोंडाशी येऊन बसतात आणि आई गेली त्या वाटेकडं बघत राहतात. ऊन समोरून पडतं तेव्हा. भोपळीच्या कानामागचे पांढरे ठिपके मचाणापासून दिसतात. उस्ताद आणि मी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतो, मचाणापाशी क्षणभर थांबतो, दुर्बिणीतून बघतो आणि निघतो.

तू एवढं विचारलंस, बरं वाटलं. माझ्या कामाबद्दल आजवर कुणी एवढं विचारलं नव्हतं. बेकरीत असताना तू फक्त पाव कडक का झाला ते विचारायचीस.

उस्तादांनी काल गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, धुऊन आण. पहिल्या गाडीची किल्ली! रेडिओनं लगेच सगळ्यांना पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली. मचाणाबद्दल मात्र शब्द नाही. मी विचारलं, तुला पोटात दुखत नाही का? तर म्हणाला, दुखतं, म्हणून तर बाकीचं एवढं बोलतो.

भाऊजींना सांग, धीर सोडू नका. माझ्यासारख्याला कुणी विचारतंय, तर त्यांनाही विचारतील.

भिंगरी


८ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, पण मी थांबू शकत नाही.

मालकीणबाईची जागा फुटली. परवा दुपारच्या फेरीला आम्ही चढ संपवून आलो आणि बघतो तर तुटक्या मचाणापाशी कुणी नाही, पण गवतात ताज्या चाकांची वाट. बाहेरच्या लॉजची गाडी थेट ओढ्यात नेऊन उभी केली होती. मालकीणबाई पाण्यावरून परत आली ती गाडी समोर. तिनं डरकाळी फोडली नाही, ताई. ती गाडीला वळसा घालून मुळांपाशी गेली, एक पिल्लू तोंडात उचललं आणि पलीकडच्या झाडीत गेली. आम्ही हात केले, ओरडलो, पण ती गाडी हलेना. मालकीणबाई परत आली. आडवी गाडी बघून थबकली आणि आली तशी गेली. तिकडं झाडीत पहिलं पिल्लूही ओरडत होतं ना.

आम्ही त्या गाडीला मागं काढेपर्यंत ऊन उतरलं होतं. फाटक बंद व्हायची वेळ झाली. उस्ताद म्हणाले, निघा, आपण जितका वेळ थांबू तितका तिला उशीर.

काल सकाळी मुळांखाली काही नव्हतं. तिचे ठसे होते. तरसाचेही होते. पुढं ओढ्याच्या वाळूत तिच्यामागं एका पिल्लाचे बारीक ठसे लागले, मग खडक लागला. बाकीच्यांना तोंडात नेलं की काय झालं, कुणाला सांगता येत नाही.

लॉजच्या ड्रायव्हरला मॅनेजरनं झापलं. तो म्हणाला, मला काय ठाऊक, पाहुण्यालाच सगळं पाठ होतं, डावीकडं वळ, चढ संपला की मचाण, पुढं गवतातून घाल. म्हणजे आमच्यातल्याच कुणीतरी सांगितलं. माहीत होतं तिघांना.

उस्तादांनी माझ्यासमोर हात केला. मी किल्ली ठेवली. रेडिओच्या गाडीचीही घेतली. म्हणाले, ज्यानं केलं त्यानं स्वतःहून सांगावं.

मी तुझी शपथ घेऊन सांगितलं की मी एका माणसाशीही बोललो नाही. मग राहिला कोण? रेडिओ सुट्टीला बाजारात जातो, लॉजवाल्यांच्या टपरीवर चहा पितो. त्याचं तोंड म्हणजे गळका नळ. पण मनाला पटत नाही. त्याचं ब्लँकेट अजून माझ्या अंगावर आहे.

मॅनेजर म्हणतो, नाव सांगा, नाहीतर दोघंही घरी. मी काय करू? तू सांगशील ते करतो.

भिंगरी


१५ मार्च

भिंगरी बाळा,

पत्र वाचून जीव हलला. जेवण गेलं नाही.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. बाहेरची माणसं ती बाहेरचीच. आज ब्लँकेट देतील, उद्या पायाखालची सतरंजी ओढतील. जो दिवसभर बडबडतो त्याच्या तोंडून कधीतरी निसटणारच. मुद्दाम केलं असेल असं नाही म्हणत मी, पण निसटलं असेल. तुला नोकरी टिकवायची असेल तर मॅनेजरना सांगून मोकळा हो. तो काय, दुसरीकडे लागेल कुठेही. तुझं तसं नाही. तुला पहिल्यांदा कुणी जवळ केलंय.

जास्त विचार करत बसू नकोस.

आणि हो, भाऊजी कायम झाले. मागच्याच आठवड्यात. आता शिडीवर चढायचं नाही, दुकानात बसून माणसं पाठवायची. छोटीला चांगल्या शाळेत घालता येईल. तुला आधी सांगायचं होतं, पण तुझं हे असं झालेलं, तोंडात शब्द येईना.

ती पिल्लं सापडली का रे? लिही.

ताई


२४ मार्च

ताई,

तू म्हणालीस तसं केलं.

मॅनेजरनं विचारलं, ‘खात्री आहे?’ मी म्हटलं, ‘दुसरं कोण असणार?’ एवढंच. पण तेवढ्यानं भागलं.

रेडिओ खोलीवर आला तेव्हा मी बुटांना पॉलिश करत होतो. एकच बूट कितीतरी वेळ. वाटलं, शिव्या देईल, कॉलर धरेल. त्यानं खाटेखालची बॅग ओढली.

‘तू नाव घेतलंस?’

‘हो.’

‘मी फोडलं असं वाटतं तुला?’

मी बूट घासत राहिलो.

‘अरे, मी दिवसभर फालतू बोलतो,’ तो म्हणाला, ‘म्हणूनच कामाचं आत राहतं. तुला तरी कळायला हवं होतं, एका खोलीत राहून.’

मग चेन लावली, कंगवा विसरला होता तो खिडकीतून घेतला. रेडिओ आणि शांत, ताई, मला तो आवाजच सहन होईना. मी म्हटलं, ब्लँकेट ने. म्हणाला, राहू दे, तुझ्याकडं बोलायला कुणी नाही आता, थंडी वाजेल.

हे पत्र ज्या दुधाच्या गाडीनं येतंय, तिच्यातच पुढं बसून तो गेला.

उस्तादांनी किल्ली परत दिली. खरं तर दिली नाही, बॉनेटवर ठेवली आणि गेले. मी उचलली. पहिली गाडी आता रोज मी काढतो, ते शेजारी बसतात. रस्त्यापुरतं बोलतात. ‘खड्डा.’ ‘हळू.’ मालकीणबाई एकदा लांबून दिसली, एकटीच. पिल्लांचा पत्ता नाही.

भाऊजींचं वाचून आनंद झाला. खरंच झाला. अभिनंदन सांग. निदान आपल्या घरात एकाचं तरी बरं झालं. साहेबांनी एकदम कसं मनावर घेतलं?

भिंगरी


५ एप्रिल

ताई,

आज सकाळी माझ्या गाडीत एक पाहुणा बसला. गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्याला कोपरापर्यंतच्या हाताएवढी नळी. बरोबर एक मित्र. उस्तादांना ताप होता, म्हणून मी एकटाच होतो.

पाणवठ्यावर मालकीणबाई आली. पाणी प्यायली, तोंड वर केलं आणि आमच्याकडं बघत राहिली. मित्र म्हणाला, ‘पिल्लं कुठायत रे? तू तर म्हणाला होतास तीन आहेत.’

पाहुणा म्हणाला, ‘मागच्या खेपेला होती ना. ही एक तोंडात धरून पळाली. पण भोपळीला मी घेतलं. ती जाडी. मस्त बसली होती एकटीच, थेट माझ्याकडं बघत. थांब, दाखवतो.’

माझा पाय क्लचवरून सुटला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

‘नाव छान आहे साहेब,’ मी म्हटलं. ‘कुणी ठेवलं?’

‘इथलाच कुणी ड्रायव्हर आहे म्हणे. आमच्या दुकानातल्या माणसाचा मेहुणा. त्याच्या बायकोनं आणून दाखवली भावाची पत्रं. पोरगं अडाणी, पण लिहितं झकास. वाचता वाचता रस्ता दिसतो.’

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी झकास म्हणालं, ताई.

मग त्यानं मलाही फोटो दाखवला. कौतुकानं दाखवला, त्याचं काय चुकलं, त्याला मी कोण ते कुठं माहीत, त्या दिवशी ओढ्यात सगळ्यांच्याच तोंडाला धुळीची फडकी होती. मुळांखाली ती एकटी बसलीय. ऊन समोरून पडलंय, तू विचारलं होतंस ना, तसंच. डोळे एवढे मोठे केलेत. ती कॅमेऱ्याकडं बघत नाहीये. तो समजतो तसं नाही. ती गाडीच्या पलीकडं बघतेय, आई गेली तिकडं. मध्ये गाडी आहे.

मी फेरी पूर्ण केली. त्यांना उतरवलं. हात दिला, सांभाळून म्हटलं. सीट झाडल्या.

छोटीनं विचारलं होतं ना, उजेड कुठून येतो? छोटीला विचार, तिनं खरंच विचारलं होतं का.

आणि रेडिओचं नाव सांग म्हणून लिहिलंस, तेव्हा तुला माहीत होतं का? एवढ्या एकाच गोष्टीचं उत्तर दे. बाकी काही लिहू नकोस.

भिंगरी


११ एप्रिल

भिंगरी,

होतं.

तू म्हणालास बाकी काही लिहू नको, पण मी लिहिणार. मला बोलू दे.

पहिल्यांदा मी मिरवायलाच पत्र नेलं होतं. देवाशप्पथ. पडदे देताना साहेबांच्या भिंतीकडं बघून म्हटलं, माझा भाऊ रोज वाघ बघतो. ते हसले. मला ते हसणं लागलं. पर्समधून पत्र काढून वाचून दाखवलं. ते खुर्चीत ताठ बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाले, बसा ना. चहा मागवला. मग म्हणाले, जरा नीट विचारून घ्या भावाला. आणि उठताना म्हणाले, तुमच्या मिस्टरांचं काय ते बघतोच मी. मी विचारून घेतलं. छोटीचं नाव पुढं केलं, कारण माझं नाव लिहिताना हात अडत होता.

मला वाटलं, एक माणूस येईल, एक फोटो काढेल, जाईल. वाघाचं काय जातं? जंगल एवढं मोठं. मला काय माहीत तिथं असं होतं.

मग तुझं ते पत्र आलं. मी मशीनपाशी बसूनच राहिले. खरं लिहायला घेतलं होतं, आईची शपथ, घेतलं होतं. पण तेव्हाच भाऊजी नवीन बूट घालून आरशासमोर उभे होते, आणि म्हणाले, कसा दिसतो? मी कागद फाडला. तो रेडिओ माझा कोण? मी त्याला पाहिलंही नाही. तू माझा आहेस. मला एकाला वाचवायचं होतं, मी तुला वाचवलं.

आता हात जोडते. झालं ते झालं. तुझी नोकरी राहिली, यांची झाली. तू आता तोंड उघडलंस तर साहेबांवर येईल, आणि साहेब यांना एक दिवस ठेवणार नाहीत. छोटीची शाळा ठरलीय. तुझ्या बहिणीसाठी एवढं पोटात घाल. आईच्या माघारी मी तुला वाढवलं, ते कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

यांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं, त्यांच्या कामाकडं साहेबांचं लक्ष गेलं.

ताई


१९ एप्रिल

ताई,

मला वाचवलं म्हणतेस. मला रेडिओकडून वाचवायची कधी गरजच नव्हती.

तुझं पत्र वाचलं आणि उस्तादांकडं गेलो. ते खाटेवर पाय सोडून बसले होते, ताप उतरलेला. मी म्हटलं, मी फोडलं. ते म्हणाले, ‘तू तर बोलला नव्हतास कुणाशी.’ मी म्हटलं, ‘घरी लिहिलं होतं.’

‘घरी,’ ते म्हणाले. पाय खाटेवर घेतले आणि म्हणाले, ‘मी घरीही कधी सांगितलं नाही. बायकोला वाटायचं, मी तिच्यापासून काही चोरतो. आयुष्यभर भांडली. घरचं माणूस वाईट म्हणून नव्हे रे. घराला दारं फार असतात.’

मी किल्ली पुढं केली. या वेळी त्यांनी हातात घेतली.

मॅनेजरनं विचारलं, घरून पुढं कुणाकडं गेलं, नाव दे. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून आधीच सांगतो, दिलं नाही. तू हात जोडलेस म्हणून नाही. वाढवलंस म्हणूनही नाही. एकदा नाव घेऊन एका माणसाला घालवलंय. परत कुणाचं नाव घ्यायला माझी जीभ वळली नाही. भाऊजींना आरशासमोर खुशाल उभं राहू दे.

रेडिओला निरोप गेला. तो बाजारात टायरच्या दुकानात लागला होता, आला. माझ्याच खोलीत आला, कारण दुसरी रिकामी नव्हती. मी म्हटलं, चुकलो. तो म्हणाला, ‘हो.’ मग बॅग उघडून कपडे लावत बसला. दोन दिवस आम्ही एका खोलीत होतो आणि मी त्याच्याकडून हवापाण्याचं एक वाक्य ऐकलं नाही. बाहेर इतरांशी बोलतो, हसतो. दारात आला की बंद. कुणी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ब्लँकेट घडी करून त्याच्या खाटेवर ठेवलं. त्यानं ते उचलून पायाशी टाकलं, पांघरलं नाही.

काल माझी शेवटची सकाळ. उस्ताद म्हणाले, ‘मागं बस.’ पाहुण्यांच्या सीटवर. पुढं रेडिओ चालवायला, शेजारी उस्ताद. पहिली गाडी आता त्याची आहे आणि बरोबर आहे ते. मागच्या सीटवरून जंगल वेगळंच दिसतं. ड्रायव्हरची मान दिसते सारखी.

वळणावर रेडिओनं इंजिन बंद केलं. समोर रस्त्याच्या मधोमध मालकीणबाई उभी. थकलेली, बरगड्या दिसत होत्या. तिनं आमच्याकडं पाहिलं, मागं गवताकडं पाहिलं आणि घशात एक बारीक आवाज केला. एवढ्या मोठ्या जनावरातून तेवढासा आवाज. गवत हललं. ती पिल्लांना घेऊन रस्त्यावर आली.

उस्तादांनी टोपी काढली. रेडिओचे खांदे हलत होते. मला वाटलं तो हसतोय. हसत नव्हता.

ते ओलांडून गेले तरी आम्ही तिथंच होतो. मग रेडिओनं मान न वळवता हात मागं केला. दुर्बीण होती त्यात. मी घेतली, पण गवतात काही उरलं नव्हतं.

आता मी निघालोय. एकाकडं काम मिळालंय. काय काम, कुठं, ते लिहीत नाही. या पत्त्यावर पत्र पाठवू नकोस, परत येईल.

आईची आठवण काढलीस, म्हणून सांगतो. मला तुझा राग येईल असं वाटलं होतं. राग येत नाही. तुला काही सांगावंसं वाटत नाही, एवढंच झालंय. काल ते सगळं बघितलं आणि सवयीनं मनात पत्र सुरू झालं. ताई, अगं, आज. तिथंच थांबवलं.

छोटीला सांग, मामाला रस्त्यात वाघ दिसला, पिल्लं दिसली. ती विचारेल किती होती, त्यात भोपळी होती का. तिला म्हण, ते मामानं लिहिलं नाही.

भिंगरी